भूतानी शेजाऱ्याला डिपोर्ट केलं, आता घरच्यांनी कुठले कागद काढायचे

ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या मराठी लोकांकडे हल्ली हे काम येतंय. कारण साधं आहे, भूतानी शेजाऱ्यांचे निर्वासितांच्या कॅम्पातले कागद नेपाळीत म्हणजे देवनागरीत असतात आणि आपल्याला ते अक्षर लावून वाचता येतात. मी वकील नाही, फक्त फॉर्म भरून देतो, पण त्याच त्याच कारणांनी अर्ज परत येताना बघून वैताग आलाय म्हणून लिहितोय.

मागचं थोडक्यात. दक्षिण भूतानातल्या या नेपाळी बोलणाऱ्या लोकांकडे १९८८ च्या जनगणनेत १९५८ सालची साऱ्याची पावती मागितली, ती नाही म्हणजे तुम्ही परके. १९९० च्या आसपास लाखभर माणसं देशाबाहेर गेली, मग नेपाळात झापा-मोरंगच्या कॅम्पात वर्षानुवर्षं, आणि २००८ पासून विमानं भरभरून अमेरिकेत. मार्च २०२५ पासून अमेरिका त्यातल्या काहींना, जुन्या गुन्ह्यावरून, भूतानला पाठवायला लागली. भूतानने पारोच्या विमानतळावर उतरवून घेतलं आणि भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं, तिथून जे नेपाळात शिरले त्यातल्या काहींना नेपाळने बेकायदा घुसले म्हणून धरलं. कॅम्पात जन्मलेल्या पोरांनी तर भूतान कधी पाहिलेलाच नव्हता.

पहिली ठेच लागते माणूस शोधताना. इमिग्रेशनच्या लोकेटरवर (कोठडीतला माणूस शोधायची सरकारी वेबसाइट) ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने दिलेला ओळख क्रमांक, टाकायचा आणि जन्मदेश निवडायचा, यात जन्मदेश तंतोतंत जुळावा लागतो. एका ताई माझ्या किचन टेबलावर तासभर 'भूतान' निवडत बसल्या होत्या आणि दर वेळी रिकामं पान येत होतं, शेवटी 'नेपाळ' निवडलं तर नवऱ्याचं नाव लगेच आलं, कारण तो जन्मला नेपाळातल्या बेलडांगीच्या कॅम्पात. नागरिकत्व नाही, जन्मदेश बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइल. त्या माणसाची पूर्ण इमिग्रेशन फाइल अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली (FOIA) ऑनलाइन मागवता येते आणि वकील पहिल्यांदा तीच मागतो, पण बायकोने मागून मिळत नाही, ज्याची फाइल त्याची सही केलेली संमती लागते. आणि तो तर आता, समजा, नेपाळच्या सीमेवर काकरभिट्ट्याला कुणाच्या तरी खोलीत आहे. लोक त्याला काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीला पाठवायला निघतात, तिथे एका शिक्क्याचे ५० डॉलर आणि वर फोटो आयडी, जो याच्याकडे मुळात नाहीच. अहो, नोटरी लागतच नाही! खोटं बोललो तर शिक्षेस पात्र, अशा प्रतिज्ञेखाली साध्या कागदावर सही चालते. फक्त सही अमेरिकेबाहेर होत असेल तर प्रतिज्ञेच्या इंग्रजी वाक्यात 'अमेरिकेच्या कायद्यांनुसार' हे शब्द हवेतच, आणि नेमके तेच गाळले जातात कारण नेटवरचा नमुना अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी असतो. फोन लागतोय तोवर ही सही घ्या, तारखेसकट, फोटो काढून पाठवायला सांगा. नंतर तो कुठे असेल सांगता येत नाही.

तिसरं, मुदत. केस पुन्हा उघडण्याच्या अर्जाला ९० दिवस आणि सर्किट कोर्टात (फेडरल अपील कोर्टात) जायला ३० दिवस, पण हे दिवस विमान सुटलं तेव्हापासून नाही, डिपोर्टच्या अंतिम ऑर्डरपासून मोजतात. कित्येकांची ऑर्डर पाच-सात वर्षं जुनी असते, तेव्हा मुदत केव्हाच संपलेली, आणि घरचे मात्र कॅलेंडरवर ९० खुणा करून बसलेले. तरी आशा सोडू नका. देशातली परिस्थिती बदलली म्हणून आश्रयासाठी केस उघडायची तर ९० दिवसांची अट नाही, आणि भूतानने उतरवून हाकलून दिलं हा पुरावा तिथे मांडता येतो. माणूस देशाबाहेर गेला म्हणजे अर्जच करता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया ज्या सर्किटांत येतात त्यांनी २०११ मध्येच ते फेटाळलंय.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: तो आधीच अमेरिकन नागरिक होता का? मुलगा १८ च्या आत असताना, ग्रीन कार्डवर, आईबापांजवळ राहत असताना त्यांच्यातल्या एकाने नागरिकत्वाची शपथ घेतली असेल तर मुलगा आपोआप नागरिक होतो, वेगळा अर्ज केलेला नसला तरी. इथे घोळ जन्मतारखेचा. निम्म्या कॅम्पाचा वाढदिवस १ जानेवारी, कारण खरी तारीख कुणी विचारलीच नाही. समजा आईची शपथ जूनमध्ये झाली आणि पोरगं खरं म्हणजे ऑगस्टमधलं, पण कागदावर १ जानेवारी, तर कागदोपत्री ते १८ पार झालेलं. जन्माची नोंद, लसीचं कार्ड, शाळेचा दाखला, जे असेल ते शोधा, आणि तारीख विक्रम संवतात असेल तर नीट बदलून घ्या. २०५८ वैशाख म्हणजे एप्रिल-मे २००१. आपल्या शकाच्या हिशोबाने जाऊ नका.

आय-१३० (नातेवाइकासाठीचा अर्ज) भरून नवरा परत येईल असं सांगणारे एजंट भेटतील. तो मंजूर झाला तरी फक्त नातं सिद्ध होतं. वर आय-२१२ ची, म्हणजे डिपोर्ट झाल्यावर परत येण्याची, परवानगी लागते, आणि ड्रग्जचा गुन्हा असेल (थोडासा गांजा सोडून) तर माफीच नाही. अशा वेळी मूळ दोषसिद्धीच रद्द करून घ्यावी लागते, तीही कायदेशीर चूक दाखवून. 'आता सुधारलाय' या कारणाने रद्द केलेली इमिग्रेशनला चालत नाही. म्हणून क्रिमिनल कोर्टाची सर्टिफाइड कॉपी काढा, साधी झेरॉक्स नको.

पैसे पाठवताना त्याच्या नावाने पाठवू नका, आयडीशिवाय काउंटरवर देत नाहीत, तिकडच्या नातेवाइकाच्या नावाने पाठवा. आणि त्या प्लास्टिकच्या पिशवीत कॅम्पाचं रेशनकार्ड असतं, ते लॅमिनेट करायला देऊ नका. मागच्या महिन्यात एकांनी दिलं, शिक्का पुसला गेला.