पारा सावलीतला, मूल पत्र्याखालचं

मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले आणि त्या धक्क्यातून 2013 मध्ये तिथला उष्णता कृती आराखडा तयार झाला. इतकं बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. त्याच उन्हाळ्यातली एक छोटी नोंद मात्र मागे पडली, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यांत वर होता, थेट तापलेल्या गच्चीखाली. तो खालच्या मजल्यावर हलवला. डॉक्टरांनी नंतर आकडे मांडले तेव्हा दिसलं, की 42 अंशांच्या पुढे पारा एकेक अंश चढला की उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात येणारी नवजात बाळं सुमारे 43 टक्क्यांनी वाढत होती. वॉर्ड खाली आल्यावर अशा बाळांचं प्रमाण 64 टक्क्यांनी घटलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त जिना उतरून खाली येणं.

उन्हाळ्यात मुलांना जपण्याचे सल्ले ‘काय प्यायला द्यावं’पासून सुरू होतात. खरं तर पहिला प्रश्न ‘मूल आहे कुठे’ हा हवा. बातम्यांत दिसणारं तापमान सावलीत, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर मोजलेलं असतं. दीड वर्षाचं मूल त्या उंचीपर्यंत पोचतही नाही. ते तापलेल्या फरशीजवळ, डांबराजवळ वावरतं. पत्र्याच्या खोलीत तर ऊन अंगावर न पडताही वरचा पत्रा उष्णता खाली फेकत राहतो. ‘चंद्रपुरात आज 45 अंश’ ही झाली पेटीतली गोष्ट.

लहान शरीर इतक्या लवकर का तापतं? चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण थोड्या चहाला भरपूर पृष्ठभाग मिळतो. तीन किलोच्या बाळाला दर किलोमागे मोठ्या माणसाच्या साधारण अडीचपट त्वचा असते. हवा गार असेल तर त्यातून उष्णता भराभर बाहेर जाते, म्हणून हिवाळ्यात बाळ पटकन गारठतं. पण त्वचेचं तापमान असतं 35 अंशांच्या आसपास. हवा त्याहून गरम झाली की प्रवाह उलटतो आणि तीच त्वचा उष्णता आत ओढू लागते.

मग उरतो घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीराकडे याहून चांगली सोय नाही. पण मुलांच्या घर्मग्रंथी, संख्येने पुरेशा असूनही, प्रत्येकी कमी घाम सोडतात. मोठ्यांसारखा घाम वयात येताना सुटू लागतो. त्यात धावताना, उड्या मारताना मूल दर किलोमागे आपल्यापेक्षा जास्त उष्णता तयार करतं. आणि खेळ रंगात आला की तहान लागल्याचं त्याच्या लक्षातही येत नाही.

घाम वाळायला हवा कोरडी लागते. अकोल्याचा कूलर दादरमध्ये निकामी ठरतो तो याचमुळे. विदर्भातल्या कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे, कूलर, ओला पंचा हे सगळं झकास चालतं. कोकणपट्टीत किंवा गोव्यात 35 अंशही जिवावर येतात, कारण घाम अंगावर नुसता ओघळतो. नवी मुंबईतल्या खारघरला भर उन्हात झालेल्या ‘महाराष्ट्र भूषण’ कार्यक्रमात 16 एप्रिल 2023 रोजी 14 जणांचा जीव गेला, तेव्हा परिसरातला पारा चाळिशीच्या आतच होता. तेव्हा ‘आमच्याकडे कुठे 45 होतं’ असं म्हणून किनाऱ्यावरच्या आईबापांनी निर्धास्त राहू नये. पंख्याचंही गणित असंच. चाळीस अंशांपुढे कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे गरम वाऱ्याचा झोत. अंग ओलं करून मग पंखा लावला तर फायदा. खिशात कांदा ठेवण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तो घाम वाळवत नाही. डोक्याला आणि कानांना बांधलेला दुपट्टा निदान ऊन तरी अडवतो.

आपल्या घरांत सगळ्यांत मोठी चूक होते ती तान्ह्या बाळाच्या बाबतीत, आणि ती मायेपोटी होते. मे महिन्यातली बाळंतीण, खिडक्या बंद, शेक-शेगडी, बाळाच्या डोक्याला टोपरं, अंगाला घट्ट दुपटं. आजीचा अनुभव खोटा नाही. थंडीत जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाला ऊब हवीच असते. पण चाळीस अंशांत दुपटं उष्णतेला बाहेरची वाट बंद करतं. बाळाला उष्णता बाहेर टाकण्यासाठी डोक्याचा मोठा उपयोग होतो आणि नेमकं तेच झाकलेलं असतं. अशा बाळाचं अंग कढत लागतं, ते दूध ओढत नाही, किरकिरतं किंवा सुस्तावतं. एक सुती झबलं, उघडं डोकं आणि हवेशीर खोली इतकं पुरतं. बाबागाडीवर कापड टाकून सावली करणं हाही त्यातलाच प्रकार. आतली हवा कोंडून आणखी तापते. उन्हात बंद मोटार तर पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी तापू शकते आणि काच बोटभर खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको, कडक उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. वरच्या पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं, आणि पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. बाळाला जास्त वेळा पाजायचं आणि पाणी आईने प्यायचं. दिवसाकाठी सहाहून कमी वेळा शू, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

मोठ्या मुलांना पाणी, ताक, मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं, सगळं चालतं. जुलाब-उलट्या असतील किंवा फार घाम गेला असेल तर ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवायची क्षार आणि ग्लुकोजची ठरावीक प्रमाणातली पूड. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारं एक प्रथिन असतं. त्यांच्या मागोमाग पाणी जातं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांना हे मिश्रण पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. पण सगळी जादू प्रमाणात आहे. मोठं पाकीट म्हणजे एक लिटर पाणी. अंदाजाने पेल्यात अर्धं ओतायचं नाही. साखर जास्त झाली तर आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं. गोड पेयांच्या खोक्यांवर वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ हा शब्द मिरवत होता. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्याला मनाई केली. फार उशिरा, पण केली.

शरीर उन्हाला सरावतं, मात्र त्याला एक-दोन आठवडे लागतात आणि मुलांना थोडे जास्तच. म्हणून मार्च-एप्रिलमधली पहिली लाट जास्त बाधते, आणि पुण्याहून किंवा परदेशातून आजोळी आलेल्या पोराने पहिल्याच दिवशी भर दुपारी क्रिकेटला उतरू नये. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात, इतरांपेक्षा उशिरा उघडतात, हे शहाणपणाचं आहे. परंतु 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या तेव्हा राज्यभर एकच वेळापत्रक लावताना हे शहाणपण कुठे गेलं होतं, कोण जाणे.

आता उष्माघात. तापात मेंदूतलं तापमानाचं केंद्र स्वतःच पातळी वर सरकवतं. पॅरासिटामॉल ती खाली आणतं. उष्माघातात ती पातळी जागेवरच असते, शरीर मात्र उष्णतेपुढे हरलेलं असतं. तिथे पॅरासिटामॉल काही करत नाही, उलट आधीच ताणलेल्या यकृतावर भार टाकतं. उन्हात किंवा कोंदट खोलीत राहिलेलं मूल बरळू लागलं, ओळख देईना, झटका आला किंवा झोपेतून उठेना, तर उष्माघात समजूनच वागावं. अंग कोरडंच असेल असं नाही, घामाने चिंब मुलालाही उष्माघात होतो.

108 ला फोन लावायचा आणि गाडीची वाट बघत न बसता मुलाला सावलीत घेऊन कपडे काढायचे, मिळेल त्या पाण्याने सर्वांग भिजवायचं, वारा घालायचा, मानेत, काखेत, जांघेत ओल्या गार घड्या ठेवायच्या. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही, ते फुप्फुसात जाऊ शकतं. रुग्णवाहिका आली तरी भिजवणं थांबवायचं नाही. ओला कपडा आणि वारा दवाखान्याच्या दारापर्यंत चालू ठेवायचा.