रेणूतली साखर आम्ही कशी शोधतो? (ग्राहकांसाठी माहिती)

कोल्हापूरकराला साखर ओळखायला शिकवायची गरज नाही. पण वनस्पतीच्या अर्कातल्या रेणूला चिकटलेली साखर जिभेला कळेलच असं नाही. म्हणून अर्क बनवणारे उद्योजक आणि फार्मसीचे विद्यार्थी आमच्याकडे संयुगांची यादी देतात. त्यांना हवं असतं एवढंच: साखर कशात आहे, किती आहे आणि ती काढल्यावर काय उरतं. हे आम्ही संगणकाच्या प्रोग्रॅमने रेणूच्या रचनेवरून शोधतो.

ज्येष्ठमध घ्या. त्याला गोडी देणाऱ्या ग्लायसिऱ्हायझिनचा रेणूभार सुमारे ८२३. त्यात ग्लुकुरॉनिक आम्लाचे (ही ग्लुकोजपासून बनलेली साखरच) दोन भाग एकाला एक जोडलेले असतात. संगणक आधी टोकाचा भाग सोडवतो. मग मागचा टोकाला येतो, तोही सोडवतो. दर वेळी १७६ वजा होतात आणि शेवटी ४७१ भाराचं ग्लायसिऱ्हेटिनिक आम्ल राहतं. या उरलेल्या सांगाड्याला अ‍ॅग्लायकोन म्हणतात. तुमच्या मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू आणि त्याच्या तुकड्यांच्या भारांच्या आलेखात) १७६ ची तूट दिसत असेल तर हिशोब लगेच ताडून बघता येतो.

साखर कशाला म्हणायचं?

पाच, सहा किंवा सात अणूंची रिंग. तिच्यात ऑक्सिजन एकच, बाकी कार्बन, आणि दुहेरी बंध नाही. रिंगला बाहेरून थेट जोडलेले ऑक्सिजन मोजायचे आणि रिंगमधल्या अणूंच्या संख्येने भागायचं. उत्तर ०.५ किंवा जास्त आलं तर साखर. ग्लुकोजचं ४ भागिले ६, म्हणजे ०.६७. डिजॉक्सिन या हृदयावरच्या औषधातली डिजिटॉक्सोज बरोबर ०.५ वर काठावर पास होते. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधातली डॉनोसमाइन मात्र नापास, कारण तिच्यात एका ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन आहे. रसायनशास्त्रात ती साखरच! तेव्हा अमिनो साखरा धरायच्या की नाही, हे काम देतानाच सांगा. नंतर सांगितलं तर सगळी यादी पुन्हा चालवावी लागते.

क जीवनसत्त्व या नियमात बसत नाही (रिंगमध्ये दुहेरी बंध आहे), आणि ते बरोबरच आहे.

आंब्याच्या पानांतलं आणि सालीतलं मँगिफेरिन जरा अडचणीचं. त्यातलं ग्लुकोज नेहमीसारखं ऑक्सिजनमार्फत नाही, थेट कार्बनला जोडलेलं असतं. काही प्रोग्रॅम ते सोडून देतात. आम्ही दाखवतो, पण शेऱ्यासह: आम्लात उकळून ही साखर सहजी सुटत नाही. कागदावर सुटली म्हणून चंचुपात्रात सुटेल असं धरू नका.

काय द्यायचं?

स्माइल्स (रेणूची रचना एका ओळीत अक्षरांनी लिहायची पद्धत) किंवा मोल फाइल (रचनेची संगणकीय फाइल). एक्सेलमध्ये स्माइल्सचा रकाना असला तरी चालेल. त्यात @ ची चिन्हं असू द्या, गट कोणत्या दिशेला आहेत ते त्यांवरून कळतं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत चौथ्या कार्बनवरच्या गटाच्या दिशेचाच फरक. ती माहिती नसेल तर अहवालात आम्ही फक्त ‘हेक्सोज’ (सहा कार्बनची साखर) लिहितो, अंदाजाने नाव देत नाही. रचनेचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो कृपया नको, त्यात दिशा दाखवणाऱ्या जाड आणि तुटक रेषा सारख्याच दिसतात.

अहवालातल्या पिवळ्या ओळी म्हणजे प्रोग्रॅमला शंका आलेली संयुगं. त्या आमचा माणूस डोळ्यांनी तपासतो, म्हणून त्यांना थोडा वेळ जास्त लागतो.