वर्तन, जनुके आणि मधमाशी: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सातेरीची (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीची) पेटी उघडणाऱ्या नवशिक्यालाही कळते, की अळ्यांच्या घरांत डोके खुपसून त्यांना भरवणाऱ्या दाई माश्या कोवळ्या असतात आणि मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन दारात उतरणाऱ्या माश्या वयस्क, अनेकदा पंख झिजलेल्या. दोघीही एकाच राणीच्या लेकी.

कामाची ही वाटणी वयानुसार होते, हे जर्मनीत गुस्टाव्ह रोश यांनी १९२०च्या दशकात माश्यांवर खुणा करून दाखवले. पुढे वर्तन उपजत की शिकलेले, यावर अनेक दशके वाद चालला. तो मागे पडू लागला तो मेंदूतील जनुकांचे काम मोजता येऊ लागल्यावर. १९९२ मध्ये असे दिसले, की स्वजातीचे गाणे नुसते ऐकल्यानेही पक्ष्याच्या मेंदूत एका जनुकाची क्रिया वाढते; म्हणजे अनुभवही जनुकांपर्यंत पोहोचतो.

मधमाशीबाबत अडचण अशी होती, की वय आणि काम हातात हात घालून चालतात. मग मेंदूत दिसलेला फरक नेमका कशाचा? अमेरिकेतील मधमाशी-संशोधक जीन रॉबिन्सन यांच्या गटाने सगळ्या समवयस्क माश्यांच्या वसाहती तयार केल्या. मोठ्या बहिणीच नसल्यामुळे त्यांतील काही माश्या वेळेआधीच बाहेरच्या कामाला लागतात. या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या सुमारे ५,५०० जनुकांपैकी ३९ टक्क्यांची क्रिया कामानुसार बदललेली आढळली आणि केवळ त्या नोंदींवरून ६० पैकी ५७ माश्यांचे काम अचूक ओळखता आले.

२००४ मध्ये माँट्रियलच्या मायकेल मीनी व मोशे शिफ यांच्या गटाने आईने कमी-अधिक चाटलेल्या उंदीर-पिल्लांच्या मेंदूत डीएनएवरील मिथाइल खुणांचा (जनुकाचे काम कमी-अधिक करू शकणाऱ्या रासायनिक खुणांचा) फरक दाखवला. (त्यावरून माणसाच्या संगोपनाबद्दल काढले गेलेले निष्कर्ष मात्र फार घाईचे होते.) अशा खुणा पुसल्या जातात का, याचे उत्तर पुन्हा पोळ्यातूनच आले. २०१२ च्या एका प्रयोगात बाहेर गेलेल्या माश्या परतण्याआधी पेटीतील सर्व दाया काढून घेण्यात आल्या. परतलेल्यांपैकी काहींनी अळ्या भरवायला घेतल्या आणि त्यांच्या मेंदूतील बऱ्याच जनुकांवरील खुणा पुन्हा दाईसारख्या झाल्या.