छडीच्या वचनामागचा इतिहास

ठाण्याच्या चरईत काय किंवा नवी मुंबईत नेरुळला काय, ख्रिस्ती आईबापांमध्ये मुलांच्या शिस्तीचा विषय निघाला की बायबलमधल्या नीतिसूत्रांतलं 13:24 हमखास पुढे येतं: छडी आवरणारा बाप मुलाचा वैरी. वचन आहेच. पण त्याच पवित्र शास्त्रात इफिसकरांस पत्र 6:4 आहे आणि तिथे ताकीद बापाला आहे: मुलांना चिरडीस आणू नका. हे पत्र रोमी अमलातलं. तिथल्या कायद्यात बापाची सत्ता जवळजवळ अमर्याद. जन्मलेलं मूल वाढवायचं की टाकून द्यायचं हेसुद्धा तोच ठरवी. अशा काळात बापाला लगाम घालणं केवढं धाडसाचं होतं!

तरी छडी गेली नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या थगास्ते गावच्या शाळेत शिकणारा ऑगस्टीन मार चुकावा म्हणून देवाची करुणा भाकायचा आणि त्याच्या वळांवर आईवडीलही हसायचे. ते पुढे संतपदाला पोचलेल्या ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलं. त्याच सुमाराचे संत जॉन क्रिसोस्टम मात्र पालकांना बजावत होते: ऊठसूट मारू नका, मूल निर्ढावतं. माराचा धाक असावा, मार पडू नये.

पुढे कित्येक शतकं शाळांत छडीचंच राज्य राहिलं.

मग एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीनचे धर्मगुरू डॉन बॉस्को. कारखान्यांच्या त्या शहरात कामासाठी आलेली, काही तर तुरुंग पाहून आलेली पोरं त्यांनी जवळ केली. विवेक, धर्म आणि माया या तिन्हींवर उभी असलेली आपली पद्धत त्यांनी 1877 मध्ये लिहून काढली. त्यात मारणं, कान ओढणं, त्रास होईल असं गुडघ्यांवर बसवणं यांना साफ मनाई आहे. कारण दिलंय तेही मोलाचं: मूल चिडतं आणि शिक्षकाचीही पत जाते. त्यांनी स्थापलेल्या संघाचे धर्मगुरू, म्हणजे सलेशियन, 1906 मध्ये भारतात आले. नेरुळची डॉन बॉस्को शाळा त्यांचीच.

आपल्या घरांत संध्याकाळच्या रोजरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मुलाला डुलकी लागली की पाठीत धपाटा बसतो, तो सगळ्या घरादेखत. बॉस्को म्हणतात, अगदी क्वचित प्रसंग सोडले तर चारचौघांत शिक्षा नकोच. बाजूला घेऊन, धीरानं चूक समजावा. वन-रूम-किचनमध्ये बाजूला न्यायचं कुठे, हा प्रश्न खरा आहे. जिना आहे, गच्ची आहे. तेवढं उठून जायला हवं.