पार्श्वभूमी: विंटर टायरचा प्रश्न गोव्यात कुठून आला?

पोर्शे, बीएमडब्ल्यूची एम मालिका किंवा ऑडी आरएस घेतलेला गोव्यातला माणूस आपल्या गाडीबद्दल जे वाचतो-बघतो, ते बहुतेक जर्मनी-इंग्लंडातून आलेलं असतं. साहजिकच ऑक्टोबर उजाडला की त्याच्याही कानावर तीच चर्चा पडते: एवढ्या ताकदीच्या गाडीला विंटर टायर, म्हणजे थंडी-बर्फासाठीचे वेगळे टायर, घालावेत का, आणि त्यावर केलेला खर्च वसूल होतो का? पणजीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण २० अंशांच्या आसपास घुटमळतो. म्हणजे गोव्यापुरतं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही.

तरीही प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऋतू बदलला की टायर बदलायचे, ही पद्धत का पडली हे नीट पाहिलं तर त्यातला अर्धा भाग बर्फाचा निघतो आणि उरलेला अर्धा पाण्याचा. गोव्याच्या कामाचा हा दुसरा अर्धा आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

सुरुवात फिनलंडची. १९३४ साली तिथल्या सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने मालवाहू गाड्यांसाठी खास बर्फाचा टायर काढला. १९३६ मध्ये मोटारगाड्यांसाठी त्याचं भावंड आलं. त्याचं नाव ‘हक्कापेलिता’, सतराव्या शतकातल्या फिन्निश घोडेस्वारांवरून घेतलेलं. आज हीच कंपनी नोकियन टायर्स म्हणून ओळखली जाते. तेव्हाच्या टायरवर उभ्या रेघांची साधी नक्षी असे. बर्फात ती भरून जायची आणि चाक जागच्या जागी फिरत राहायचं. फिन्निश टायरला आडवे, जाड, एकमेकांपासून सुटे ठोकळे होते. ते बर्फात रुतून चाकाला पुढे रेटत. रबर मात्र नेहमीचंच होतं. सगळी करामत नक्षीची.

युद्धानंतर जर्मनीत कॉन्टिनेंटलने १९५२ मध्ये ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असा शिक्का असलेला टायर बाजारात आणला. हा शिक्का आजही दिसतो आणि पुष्कळांची फसगत करतो, कारण त्यामागे कसलीही ठरावीक चाचणी नाही. नक्षी जरा उघडी असली की कंपनी शिक्का मारून मोकळी. चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरं आणि त्यांच्या पोटात हिमकण असं चिन्ह असतं, पण ते यायला १९९९ साल उजाडलं. मधल्या काळात, साठच्या दशकात, टायरमध्ये लोखंडी खिळे ठोकायची लाट आली. गोठलेल्या रस्त्यावर खिळे उत्तम धरतात, पण कोरड्या रस्त्याची चाळण करतात. पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांवर बंदी घातली. मग खिळ्यांशिवाय पकड आणायची कशी, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन पडला.

इथून विंटर टायर हा नक्षीपेक्षा रबराचा विषय झाला. रबर थंडीत आखडतं. उन्हाळी टायरचं, त्यातही वेगवान गाड्यांच्या टायरचं रबर असं घडवलेलं असतं की गरम डांबरावर ते चिकटून धरेल आणि वळणावर वितळल्यासारखं वागणार नाही. तेच रबर पाच अंशांवर कडक होतं. शून्याच्या बरंच खाली गेलं तर काही टायरांच्या ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात, असा इशारा कंपन्याच देतात. जर्मन लोक ७ अंश ही सीमा धरतात आणि कॅलेंडरपुरतं ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असं सोपं गणित सांगतात. सात अंशांना काही जादू घडत नाही. कुठेतरी रेघ ओढायला हवी म्हणून ती तिथे ओढली आहे.

रबर थंडीत मऊ ठेवायला सिलिका उपयोगी पडली. आधी टायरमध्ये भराव म्हणून काजळी घालत, टायर काळा असतो तो तिच्यामुळेच. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीचा मोठा वाटा काढून त्या जागी सिलिका घातलेला मोटारीचा टायर विकायला आणला. हेतू इंधन वाचवण्याचा होता. पण सोबत ओल्या रस्त्यावरची पकडही सुधारली आणि थंडीतला लवचीकपणाही राहिला. आज विंटर टायर आणि चांगला पावसाळी टायर जवळचे नातेवाईक वाटतात, त्याला हे एक कारण. दुसरं कारण बारीक चिरांचं. ठोकळ्यांवर पातीने मारल्यासारख्या या चिरा रस्त्यावर दाबल्या गेल्या की उघडतात, पाण्याचा पातळ थर शोषतात आणि त्यांच्या कडा खाली धरतात. त्यांना अमेरिकेतल्या जॉन साइप याचं नाव मिळालं आहे. कत्तलखान्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरतो म्हणून त्याने बुटांच्या तळव्यांना चिरा पाडल्या, असं सांगतात. १९२३ मध्ये त्याचं पेटंट झालं, टायरवाल्यांनी ते मनावर घ्यायला मात्र बराच काळ गेला.

आता वेगवान गाड्यांकडे येऊ. सत्तरच्या दशकात पिरेलीचा पी-७ आला आणि पोर्शे ९११ टर्बोवर चढला. रुंद, बुटका, कडक भिंतीचा. तेव्हापासून ताकदवान गाडीचा टायर रुंदच असायचा, हे ठरून गेलं. बर्फाला नेमकं उलटं हवं असतं. अरुंद टायर बर्फ कापून खाली उतरतो, रुंद टायर वर तरंगतो. म्हणूनच युरोपात अशा गाड्यांना हिवाळ्यात एक माप लहान रिम आणि अरुंद टायर लावायची रीत आहे. विंटर टायरची वेगमर्यादाही बहुधा कमी असते. गाडी ताशी ३०० किलोमीटर धावणारी असली आणि टायर २४० पर्यंतचाच असला, तर जर्मनीत चालकाला दिसेल असा २४० चा स्टिकर लावावा लागतो. काही मालकांच्या हौसेवर तेवढ्याने विरजण पडतं. माझ्या मते युरोपातल्या मालकाने तरीही विंटर टायर घालावेत. ऑडीने १९८० मध्ये क्वाट्रो आणली तेव्हापासून ‘चारही चाकं ओढतात, मग काय चिंता’ असं म्हणायची सवय लागली. चारही चाकांची ओढ गाडी हलवायला कामी येते, थांबवायला नाही. ब्रेक तर मारुती ८०० ला पण चारही चाकांवर असतात.

कायदाही हळूहळू कडक झाला. जर्मनीने डिसेंबर २०१० पासून बर्फाळ, निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे केले आणि ऑक्टोबर २०२४ पासून नुसता ‘एम प्लस एस’ शिक्का पुरेसा मानणंही बंद केलं. आता शिखर-हिमकणाचं चिन्हच लागतं.

हे चिन्ह पाहायला आपल्याला युरोपात जायला नको. गाडीतच घर थाटून खुश्कीच्या मार्गाने गोव्यात येणारे युरोपीय प्रवासी हरमलच्या बाजूला दिसतात. त्यांच्या एखाद्या व्हॅनचा टायर वाकून बघावा. विंटर टायर असेल तर भिंतीवर शिखर-हिमकण सापडेल. पण खरी मौज नक्षीवर असते. उष्ण रस्त्यांवर हजारो किलोमीटर चाललेल्या अशा टायरच्या ठोकळ्यांच्या कडा गोल झालेल्या असतात, एका बाजूने पिसासारख्या उठलेल्या असतात. बोटाने दाबलं तर ठोकळा सहज हलतो. हा हलणारा ठोकळाच बर्फात गुणी आणि ४० अंशांच्या डांबरावर घातक. ब्रेक दाबला की तो आधी वाकतो, मग धरतो, आणि गाडी थांबायला जास्त जागा खाते. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी वळते. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला हे टायर गोव्यात घालणं म्हणजे पैसे देऊन ब्रेक कमी करून घेणं.

गोव्याचा स्वतःचा टायरांशी संबंध जुनाच आहे. पोर्तुगीज काळाच्या शेवटच्या वर्षांत खनिजाच्या पैशाबरोबर परदेशी मोटारी आल्या. मर्सिडीजच्या टॅक्सी मुक्तीनंतरही कित्येक वर्षं इथल्या रस्त्यांवर धावत होत्या. उर्वरित भारतात १९३६ पासून डनलॉपचा साहागंजचा कारखाना चालू होता, पण पुढची कितीतरी वर्षं टायर आडव्या-तिडव्या धाग्यांचेच राहिले. ज्यात धागे एकमेकांना न छेदता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, तो रेडियल टायर मिशेलिनने १९४९ मध्ये विकायला काढला. भारतात पहिला रेडियल जेके टायरने आणला तो १९७७ मध्ये. गोव्यात उसगावला एमआरएफचा कारखाना आहे, तेव्हा टायर कसा बनतो हे फोंडा तालुक्यातल्या अनेक घरांना पुस्तकात वाचावं लागत नाही. हिवाळी टायरही आता आपल्याला अगदी परके राहिलेले नाहीत. अपोलो टायर्सने २००९ मध्ये घेतलेली नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन कंपनी ते बनवते. काश्मीर-लडाखकडे जाणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा.

आपला ऋतू मात्र पाऊस. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, सत्तरी-सांगेकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत. पहिल्या सरीला रस्त्यावर धूळ, तेल आणि झिजलेलं रबर यांची लापशी होते. डिचोलीच्या बाजूला तिच्यात डंपरांनी सांडलेली लाल माती मिसळते. हे निसरडेपण दोन-चार जोरदार सरींत धुऊन जातं. त्यानंतर उरतं ते साचलेलं पाणी.

साचलेल्या पाण्यावर चाक का तरंगतं, याचा हिशेब आधी विमानांसाठी झाला. ओल्या धावपट्टीवरून विमानं घसरत होती म्हणून नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९६३ मध्ये अहवाल काढला. चाकासमोर पाण्याची पाचर तयार होते. वेग वाढला की तिचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाइतका होतो आणि चाक उचललं जातं. म्हणून तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. त्यांच्या सूत्रात ३२ ची (पीएसआय) हवा घातली तर ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात; हवा २५ वर उतरली की ८३. पावसात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे गाडी रस्ता धरते, असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. नासाचं गणित त्याला उभं आडवं कापतं. हे आकडे पाणी नक्षीपेक्षा खोल असेल किंवा टायर गोटा झालेला असेल तेव्हाचे. नक्षी खोल असली तर पाण्याला निघून जायला वाट मिळते आणि तरंगण्याचा वेग वर जातो. टायर जितका रुंद तितकं बाजूला सारायचं पाणी जास्त, म्हणजे हलक्या अंगाची, रुंद टायरांची स्पोर्ट्स कार साध्या हॅचबॅकच्या आधी तरंगू शकते. हे ऐकून शोरूममधला उत्साह जरा ओसरतो खरा.

हे दुखणं कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुडइयरने मधोमध खोल चर असलेला ‘अ‍ॅक्वाट्रेड’ आणला. पोर्शेने ९११ च्या ९९२ या पिढीत ‘वेट मोड’ दिला. पुढच्या चाकांच्या कमानीतले संवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात, रस्ता किती ओला आहे ते ओळखतात आणि चालकाला तो मोड लावायला सुचवतात. चाक एकदा उचललं गेलं की मात्र कुठलाही मोड काही करू शकत नाही, आणि नव्या झुआरी पुलावर जूनच्या रात्री शंभरच्या पुढे जाणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

तेव्हा गोव्यात प्रश्न असा फिरवून विचारावा: पावसासाठी वेगळा संच ठेवणं परवडतं का? इथे माझं उत्तर गाडीगणिक बदलतं. गाडीवर चांगले उन्हाळी टायर असतील, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट किंवा पिरेलीच्या पी झीरोच्या जातीचे, तर ते पावसातही उत्तम धरतात, फक्त नक्षी शिल्लक हवी. आपल्या नियमांत मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण जर्मनीतली एडीएसी ही मोटारचालकांची संघटना उन्हाळी टायर ३ मिलिमीटरला आणि हिवाळी टायर ४ ला बदलायला सांगते. गोव्याच्या पावसाला मी ४ चाच नियम लावीन. मेमध्ये पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना खोली मोजून घ्यावी. ३ ते ४ च्या मधला संच नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांत झिजवून संपवावा, नवा जूनच्या आधी चढवावा.

पण गाडी पोर्शेच्या जीटी-३ सारखी असेल आणि कारखान्यातूनच रेसट्रॅकसाठीचे, जेमतेम चर असलेले टायर घालून आली असेल, तर दुसरा संच हवाच. त्याला मी चैन म्हणणार नाही. ते टायर गार आणि ओल्या रस्त्यावर गरमच होत नाहीत, आणि पाणी जायला त्यांच्यात वाट नसते. जर्मन माणूस ऑक्टोबरात जे करतो ते या मालकाने मे महिन्यात करावं: वेगळे रिम, जमल्यास एक माप अरुंद, त्यावर पावसाचा टायर. काढलेला संच हवा भरून आडवा रचून ठेवावा. उन्हात नको आणि इन्व्हर्टर किंवा पाण्याच्या मोटारीजवळही नको, कारण तिथल्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून नियंत्रित केली. तेव्हापासून वीस-एकवीस इंची मापं मागितली की लगेच हातात पडतातच असं नाही. दुकानदाराला माप, वेगाचा आणि भाराचा निर्देशांक आणि गाडीच्या कंपनीचं मान्यताचिन्ह, पोर्शेच्या बाबतीत ‘एन’, हे सगळं मार्चमध्येच लिहून द्यावं आणि टायर हातात आल्यावर भिंतीवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल.