पिवळ्या केलेल्या ओळींचं पुढे काय होतं?

मध्यंतरी ई-रीडरमध्ये खुणा केलेल्या ओळींची यादी उघडली. मेंदूवरच्या एका पुस्तकातून पानंच्या पानं पिवळी करून ठेवली होती. वाचताना प्रत्येक ओळ मोलाची वाटली होती. आता त्यातली एकही कुणाला समजावून सांगता येईना. वाचली की मात्र लगेच ‘हो, हे माहीत आहे’ असं वाटायचं. गोची तिथेच आहे. लग्नात भेटलेला माणूस ओळखीचा वाटतो, नाव काही आठवत नाही, तसंच हे. ओळख पटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पुन्हा पुन्हा वाचून किंवा खुणा करून फक्त ओळख वाढते.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याचा छडा लावला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्याबद्दल, दुसरा समुद्री पाणमांजरांबद्दल. मग एक उतारा त्यांनी पुन्हा वाचायचा आणि दुसरा न बघता जमेल तेवढा लिहून काढायचा. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर पारडं फिरलं. आठवून लिहिलेल्यातलं 56 टक्के उरलं होतं, पुन्हा वाचलेल्यातलं 42. आठवायची धडपड हाच स्मरणशक्तीचा व्यायाम. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणाऱ्याला सकाळी सगळं येतं आणि पुढच्या सोमवारी निम्मं गेलेलं असतं, ते यामुळेच.

म्हणून मी आता प्रकरण संपलं की पुस्तक मिटतो, फोन उघडतो आणि आठवेल ते माझ्या शब्दांत तीन-चार वाक्यांत लिहितो. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करतो आणि पान क्रमांक टाकतो. मूळ वाक्य जसंच्या तसं हवं असेल तरच अवतरणचिन्हांत.

हे वहीत करावं की फोनवर? लॅपटॉपपेक्षा हाताने घेतलेली टिपणं बरी, असं 2014 च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. 2021 मध्ये तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा टाइप करणारे जास्त शब्दशः उतरवतात हे खरं ठरलं. गुणांमधला फरक मात्र टिकला नाही. माझ्या मते दोष कीबोर्डचा नाही, कॉपी-पेस्टच्या सोयीचा आहे.

टिपणांच्या रचनेसाठी निकलास लुहमान हा जर्मन समाजशास्त्रज्ञ बघण्यासारखा. त्याने लाकडी खणांत सुमारे 90,000 चिठ्ठ्या जमवल्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि एकीवर दुसरीचा क्रमांक लिहिलेला. विषयवार कप्पे आखत बसण्यापेक्षा ‘हे त्या जुन्या टिपणाशी कसं जोडलेलं आहे’ हा प्रश्न त्याला महत्त्वाचा होता. आज हेच काम टिपणांच्या ॲपमधली एक लिंक करते. पण जोड कुठे आहे हे सुचायला डोकंच लागतं.

‘फोल्डर कशाला, सर्च आहे की’ असं म्हणणाऱ्यांनी मराठीत जरा जपून. सर्च अक्षरांची साखळी जुळवतो आणि आपली सामान्यरूपं ती साखळी तोडतात. ‘फूल’ शोधलं तर ‘फुलाचा’ सापडत नाही, ‘जीव’ शोधलं तर ‘जिवाला’ नाही, ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ नाही. त्यात ‘ॲ’ची वेगळीच गंमत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, त्याला स्वतंत्र जागा आहे, पण काही कीबोर्ड ‘अ’वर चंद्र चढवून तो बनवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, साध्या सर्चच्या लेखी मात्र वेगळे. माझं ‘ॲसिड’वरचं एक टिपण असंच बराच काळ बेपत्ता होतं. तेव्हापासून प्रत्येक टिपणाच्या तळाशी मूळ रूपातले दोन-तीन शब्द लिहितो: फूल, जीव, पाणी. आणि ‘ॲ’चा शब्द असेल तर सरळ दोन्ही प्रकारांनी.