होमपेजवरची एक ओळ: प्रचाराच्या वेबसाइट्सची पार्श्वभूमी

१० ऑगस्ट २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय पक्षांना एक गोष्ट सांगितली, जी एरवी गिऱ्हाईक वेब डिझायनरला सांगतं. होमपेजवर ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले उमेदवार’ असा मथळा असलाच पाहिजे. तोवर पक्षाच्या साइटवर कुठे काय ठेवायचं हे पक्ष, त्याचे सल्लागार आणि काम घेतलेला कंत्राटदार मिळून ठरवत. प्रचाराची वेबसाइट चांगली कशाला म्हणायचं यावर त्याआधी पंचवीसेक वर्षं बराच खल झाला होता, पण मत देणाऱ्याला तिचा काय उपयोग, हा प्रश्न त्यात कोपऱ्यातच राहिला. होमपेजवरच्या मथळ्याची ही ओळ त्या दुर्लक्षातून आली. ती तोकडी का पडते हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अगदी सुरुवातीचा काळ झटपट सांगता येतो. १९९६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांच्या वेबसाइट्स होत्या. ऑक्टोबरमध्ये हार्टफर्डला झालेल्या जाहीर वादात एका उमेदवाराने समारोप करताना आपल्या साइटचा पत्ता वाचून दाखवला आणि त्यातला शेवटचा ‘डॉट’ म्हणायचाच राहिला. तरी साइटवर झुंबड उडाली. नोव्हेंबरात तो हरला. फेब्रुवारी २००० मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी न्यू हॅम्पशायरची प्राथमिक फेरी जिंकलेल्या एका सिनेटरकडे पुढच्या काही दिवसांत ऑनलाइन देणग्यांचा ओघ लागला. उमेदवारी दुसऱ्याला मिळाली. २००३ मध्ये व्हरमाँटच्या माजी गव्हर्नरने छोट्या देणग्या आणि गावोगावच्या समर्थकांच्या बैठका यांची सांगड साइटवर घातली. देणगी येईल तसं बेसबॉलच्या बॅटचं चित्र भरत जायचं. जानेवारी २००४ मध्ये उमेदवारीसाठी आयोवात झालेल्या फेरीत तो तिसरा आला. अपवाद मिनेसोटाचा. तिथे १९९८ मध्ये तिसऱ्या पक्षाचा एक माजी कुस्तीगीर साधीशी साइट आणि ईमेलची यादी हाताशी धरून गव्हर्नर झाला. पैसा आणि माणसं गोळा करायला साइट उपयोगी पडते, एवढं यातून दिसलं. मतांचं काय, ते उघडच राहिलं.

अभ्यासक त्या काळात याद्या करत होते. उमेदवाराची माहिती आहे का, देणगीची सोय आहे का, स्वयंसेवक म्हणून नाव देता येतं का, दुसऱ्या साइटचे दुवे आहेत का? जितक्या खुणा जास्त तितकी साइट चांगली. या पद्धतीने एखाद्या घराच्या खिडक्या मोजता येतात, त्यात कोणी राहतं का ते कळत नाही.

दुसरं माप होतं ‘हिट’. हा शब्द आपल्याकडे सिनेमावाल्यांमुळे आधीच घरोघरी पोहोचलेला, त्यामुळे ‘साइटला दहा लाख हिट्स’ म्हटलं की साइट ‘हिट’ झाली असंच वाटायचं. प्रत्यक्षात हिट म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एक मागणी. एका पानावर वीस चित्रं असतील तर ते पान एकदा उघडल्यावर एकवीस हिट्स पडतात. नेत्यांचे फोटो वाढवले की आकडा आपोआप वाढतो, आणि आपल्या पक्षांना फोटोंची कधी वानवा नव्हती. पुढे ‘भेटी’ आणि ‘वेगळे भेट देणारे’ असे बरे आकडे आले. तरी पानाच्या तळाशी टकाटक फिरणारा भेटींचा आकडा आपल्याकडे बराच काळ टिकला.

मोजण्याची रीत खरी बदलली ती डिसेंबर २००७ मध्ये. अमेरिकेतल्या एका प्रचारसंघाने साइट उघडताच दिसणाऱ्या पानावर प्रयोग केला. बटणावरचे चार मजकूर, आणि त्यावर तीन छायाचित्रं नि तीन व्हिडिओ यांतलं एक, अशा २४ जोड्या सुमारे ३ लाख १० हजार लोकांना आलटून पालटून दाखवल्या. कोणत्या पानावर किती टक्के लोक ईमेल देतात, एवढंच पाहिलं. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नाव नोंदवत. उमेदवाराच्या कुटुंबाचं छायाचित्र आणि ‘अधिक जाणून घ्या’ हे बटण असलेल्या पानावर हे प्रमाण ११.६ टक्के झालं. प्रचारसंघातल्या जाणत्यांना व्हिडिओ आवडला होता. सगळे व्हिडिओ सगळ्या छायाचित्रांच्या मागे पडले. या एका बदलामुळे २८ लाखांहून जास्त ईमेल पत्ते आणि त्यांच्यामार्फत सुमारे ६ कोटी डॉलर जास्तीचे मिळाले, असा हिशेब त्या संघातल्यांनीच पुढे मांडला.

तेव्हापासून ‘परिणामकारक’ या शब्दाचा अर्थ बदलला. परिणाम म्हणजे बटण दाबलं जाणं, असं ठरून गेलं. ही वाट कुठे जाते तेही दिसलं. २०२० च्या निवडणुकीत एका प्रचारसंघाने देणगीच्या पानावर ‘दर आठवड्याला पुन्हा कापा’ अशी चौकट आधीच बरोबरची खूण करून ठेवली. देणाऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा परताव्यांची रीघ लागली. २०२१ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने अशा चौकटींवर बंदी घाला असं संसदेला एकमताने सुचवलं. प्रयोगाच्या निकषावर मात्र ते पान उत्तमच ठरलं असतं.

भारतात बटणाचं काम बटणाने केलंच नाही. २००९ च्या लोकसभेला प्रमुख विरोधी पक्षाच्या पंतप्रधानपदाच्या उमेदवाराची वेबसाइट होती, ब्लॉग होता, इंटरनेटवर जिकडेतिकडे जाहिराती होत्या. त्याच्या पक्षाच्या जागा १३८ वरून ११६ वर आल्या. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या ज्येष्ठ समाजसेवकाच्या आंदोलनात लोकांनी पाठिंबा कळवला तो मिस्ड कॉल देऊन. चार वर्षांत एका राष्ट्रीय पक्षाने सदस्यनोंदणीसुद्धा तशीच केली. अमेरिकेत ईमेलच्या चौकटीने जे साधलं ते इथे फ्लेक्सवरच्या दहा आकड्यांनी साधलं, तेही फुकट आणि इंटरनेटशिवाय. त्यामुळे आपल्याकडची पक्षाची साइट कुणाला काही करायला लावण्यासाठी नव्हतीच. ती कार्यालयाच्या दर्शनी भिंतीसारखी होती: नेत्यांच्या तसबिरी, घोषणापत्र, पत्रकं.

त्यात मराठीची वेगळीच रड. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच वाचता यावीत अशी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट वाचायची तर आधी तिचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर लॅटिन अक्षरांची खिचडी दिसे. त्यावर तोडगा म्हणून मजकुराचंच चित्र करून टाकायची सवय लागली. चित्रातला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध वाचकाच्या संगणकाला वाचता येत नाही. फॉन्टची अडचण गेली, सवय गेली नाही. तिचा त्रास पुढे दिसतो.

साइटमुळे मतं मिळतात का, या प्रश्नाची आपल्याकडे एक चाचणी योगायोगाने झाली. ५ मार्च २०१९ ला सत्ताधारी पक्षाची वेबसाइट बंद पडली. ‘लवकरच परत येतो’ अशी पाटी लागली. १० मार्चला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, तरी पाटी तशीच. साइट परतायला सुमारे दोन आठवडे लागले. परतली तेव्हा आंध्र प्रदेशातल्या एका छोट्या कंपनीने तक्रार केली की आमचा साचा वापरला आणि त्यातला आमचा दुवा काढून टाकला. मे महिन्यात पक्षाला ३०३ जागा मिळाल्या. यावरून वेबसाइट बिनकामाची असं म्हणायला मी तयार नाही. पण जगातल्या सर्वांत मोठ्या निवडणुकीच्या तोंडावर ती नसल्याने प्रचार अडला नाही, हे तर दिसलंच.

नियम करणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांत भारताच्या निवडणूक आयोगाने इंटरनेटवरच्या प्रचाराला टीव्हीच्या रांगेत बसवलं. जाहिरात आधी मंजूर करून घ्या, खर्च दाखवा, त्यात मजकूर बनवणाऱ्यांचे पगारही धरा, आणि उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती प्रतिज्ञापत्रात लिहा. हे सगळं पैशाचं आणि वेळेचं नियमन. साइट मतदाराला काय सांगते, यात कोणी शिरलं नव्हतं.

शिरलं ते न्यायालय, आणि पायरीपायरीने. २५ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने सांगितलं की उमेदवारावर खटले असतील तर पक्षाने ते आपल्या वेबसाइटवर टाकावेत. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशात त्यावर एक अट चढली. असाच उमेदवार का निवडला, ज्याच्यावर खटले नाहीत असा का नाही, याचं कारणही लिहा, आणि ते कारण नुसतं ‘निवडून येऊ शकतो’ एवढं नको. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या बैठकांत ज्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात तेच नेमकं बाद केलं होतं. त्याच वर्षीची बिहार विधानसभा निवडणूक ही पहिली परीक्षा. बहुतेक पक्ष नापास झाले. काहींनी कारणं लिहिली, पण उमेदवाराचं नाव झाकलं तर कोणाचं कुठलं ते सांगता येऊ नये अशी. ऑगस्ट २०२१ च्या निकालात दोन पक्षांना प्रत्येकी ५ लाख रुपये दंड झाला, कारण त्यांनी आदेश पाळलाच नव्हता. त्यांतला एक महाराष्ट्रात जन्मलेला. इतर दोषी पक्षांना प्रत्येकी १ लाख. देशभर निवडणुका लढवणाऱ्या पक्षाला १ लाख रुपये म्हणजे एका सभेच्या मांडवाचाही खर्च नव्हे.

दंडापेक्षा होमपेजच्या ओळीकडे पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. मतदाराला माहिती सहज सापडावी, असं कारण न्यायालयाने तिच्यासोबत दिलं. २०१८ ते २०२१ मधला अनुभव असा की माहिती साइटवर ‘असते’, पण कुठेतरी खोल, तीन-चार क्लिकच्या पलीकडे. त्यामुळे ‘वेबसाइटवर’ हा शब्द पुरेसा नाही, ‘होमपेजवर’ म्हणायला हवं, हे न्यायालयाला उमगलं. मांडणीची भाषा कायद्यात आली ती अशी.

पण अर्धीच आली. मथळ्याचा आकार किती, तो पानाच्या माथ्यावर हवा की तळाशी, रंग पार्श्वभूमीत विरून गेला तर चालेल का, याबद्दल निकालात शब्द नाही. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसाठी आयोगाने किमान १२ चा टाइप ठरवून दिला होता. जुन्या माध्यमात कोण कशी पळवाट काढतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेबसाइटवर तीच ओळ हलत्या बॅनर्सच्या, सभांच्या व्हिडिओंच्या आणि देणगीच्या बटणाच्या खाली, कॉपीराइटच्या शेजारी ठेवली तरी आदेश पाळला जातो. मोबाइलवर तिथवर पोहोचायला किती वेळा बोट वर सरकवावं लागेल ते साइट बनवणाराच जाणे. ओळीमागे काय उघडावं हेही मोकळं. सहसा राज्याराज्याच्या पीडीएफ उघडतात, अनेकदा स्कॅन केलेल्या. मतदारसंघाचं नाव टाकून शोधायला जावं तर फॉन्टच्या काळातली ती चित्रं पुन्हा समोर.

न्यायालयाने आयोगालाही उमेदवारांची माहिती देणारं मोबाइल अ‍ॅप करायला सांगितलं. ते आलं, आणि त्यात मतदारसंघ निवडून उमेदवार पाहता येऊ लागले. पक्षांच्या साइटवरची ओळ मात्र पक्षांच्याच हाती राहिली. आदेश पाळला असा अहवाल पक्षाने ७२ तासांत आयोगाकडे द्यायचा असतो. त्याच्या ठरलेल्या नमुन्यात माहिती प्रसिद्ध केली की नाही याच्या नोंदी आहेत. होमपेजवरच्या त्या ओळीवर किती जणांनी क्लिक केलं, यासाठी रकाना नाही.